पुढचा कॅमेरा

गुरुवार. नळाला पाणी नाही,
त्यामुळे घर तसंही थांबल्यासारखं.
मी जमिनीवर पांढरी चादर अंथरली,
स्क्रू पडला तर दिसावा म्हणून,
आणि टॅब पालथा घातला.

तापकीर गल्लीतला तो माणूस म्हणाला होता,
"लावून सातशे. नुसता पार्ट दोनशे ऐंशी.
तुम्ही लावणार? लावा.
काच तडकली तर माझ्याकडे यायचं नाही."
हरभऱ्याच्या डाळीएवढा कॅमेरा, त्याला तांबूस पट्टी,
पेपरच्या तुकड्यात बांधून दिला त्यानं,
चिमूटभर हिंगासारखा.

शेजारच्या कडूसकरांचा हेअर ड्रायर आणला,
कडा तापवल्या डिंक मऊ होईतो,
मग बंद खात्याचं बँकेचं कार्ड
फटीतून हळूहळू फिरवलं,
खरवस डब्याच्या कडेनं सोडवतात तसं.

आई समोर बसून बघत होती.
हात मांडीवर.
बारा दिवस हात मांडीवरच.

आई जन्मापासून बहिरी.
तिचं हातांचं बोलणं पुरतं कळणारं
एकच माणूस उरलंय आता, मिरजेत:
हसीना मुजावर.
शाळेत एक बाक, हॉस्टेलात एक खोली,
आणि आता रोज रात्री साडेनऊ.

या बारा दिवसांत मावशी आम्हाला दिसायच्या,
त्यांना आमच्याकडून नुसतं राखाडी धुकं.
त्या सांगत राहायच्या: सून, गुडघा, उरुसाची गर्दी.
आई उत्तराला हात उचलायची
आणि मध्येच खाली ठेवायची.
टाइप करून पाठव ना, मी खुणेनं म्हणालो.
तिनं नुसतं पाहिलं माझ्याकडे.
लिहायचं मराठी म्हणजे तिला
पाहुण्यांसमोर, पदर सावरून बोलायची भाषा.

अकरा स्क्रू. दोन मापांचे.
मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या पुसून घेतल्या होत्या,
तरी मोहरीचा एक दाणा राहिलाच,
आणि मी तो चिमट्यानं उचलून
भोकात बसवायला गेलो.
आई हसली. मोठ्यानं.
तिचं हसू तिनं कधी ऐकलेलं नाही,
म्हणून ते कुठेही कमी करत नाही ती.

जुनी पट्टी निघाली. नवी बसेना.
तीनदा. चौथ्यांदा मान अवघडली,
चष्मा नाकावरून घसरला,
पाचव्यांदा टक् झालं.
मी ऐकलं.
आईनं माझ्या चेहऱ्यावर पाहिलं.

नव्या डोळ्याला पहिल्यांदा दिसलं ते
आमचं छत, पंख्याचं एक पातं
आणि माझ्या दोन नाकपुड्या.

साडेनऊ.
मावशींचं बोट हनुवटीकडे गेलं,
टेकलं दोनदा.
हे आईचं नाव: हनुवटीवरचा तीळ.
सातव्या वर्षी मावशींनीच ठेवलेलं.
आधार कार्डावरचं वेगळं आहे,
त्या नावाला ती वळून बघत नाही.

मग जे सुरू झालं ते मला झेपेना.
मला येतं ते घरापुरतं:
जेवलीस का, औषध, किल्ली कुठंय.
बारा दिवसांचं तुंबलेलं
चार हातांतून असं वाहत होतं
की शब्द कुठे संपतो, कुठे सुरू होतो, दिसेना.
एक वाक्य तेवढं सापडलं.
मावशींनी गाल चोळले, भुवया आवळल्या:
इतकी पिवळी का दिसतेस? कावीळ?
आईनं मागे न बघता
अंगठा माझ्याकडे केला.

खरंय. रंग जरा पिवळट आलाय,
आणि कॅमेरा बसलाय किंचित तिरका.
आईनं न बोलता उशी डावीकडे सरकवली.

साडेदहाला झोपेच्या तंद्रीत उठलो,
सवयीनं दिव्याच्या बटणावर हात ठेवला,
आणि मिरजेतून, धायरीतून
चार तळवे एकदम वर झाले:
अरे थांब,
बोलतोय ना आम्ही.