स्रोत : लेखकांचे सर्वेक्षण

आठ हजार शब्दांची मर्यादा, संदर्भसूची धरून.
आमचे झालेत आठ हजार चारशे बारा.
निखत म्हणते, चौथा परिच्छेद उडव,
तिथं नुसती बाई बोलते.

बाई बोलते ते असं :
टँकरचा आवाज मला झोपेत कळतो.
भरलेला चढावर कण्हतो,
रिकामा खडखडत जातो.
रिकाम्यासाठी मी उठत नाही.

हे इंग्रजीत नेताना तीन दिवस गेले.
कण्हणं राहिलं कात्रजच्या चढावरच,
पलीकडे पोचला फक्त अनियमित पुरवठा.
उडवला.

नावं काढायची असतात. ती झाली उत्तरदाती सतरा.
तिचं गाव, महापालिकेत समाविष्ट, झालं वस्ती ख.
मग आमचीही काढली.
पहिलं पान वेगळं केलं, ऋणनिर्देश झाकला,
फाइलच्या पोटात शिरून माझं नाव पुसलं,
म्हणजे परीक्षकाला कळू नये
कोण कुणाविषयी बोलतंय.

तक्ता तीन मात्र देखणा उतरलाय.
बावन्न आठवडे. आलेले टँकर, न आलेले.
हे आकडे तिच्या दाराच्या आतल्या अंगाला होते,
खडूनं. आला की रेघ, नाही आला की टिंब.
दिवाळीला दार रंगवायचं होतं तिला,
आमच्यासाठी थांबली.
निखतनं स्टुलावर चढून फोटो काढले,
मी टॉर्च धरला.
रविवारी टिंबं जास्त.
याच्या कारणांवर अधिक संशोधनाची गरज आहे,
असं आम्ही पान अकरावर लिहिलंय.
तक्त्याखाली, साच्यात बसेल अशा बारीक अक्षरात,
स्रोत : लेखकांचे सर्वेक्षण.

शनिवार, रात्रीचे पावणेबारा. बाणेर, सहावा मजला.
पाच बीजशब्द द्या. दिले.
सारांश दोनशे शब्दांत. दिला.
संपादकांना पत्र. त्यात प्रतिष्ठित हा शब्द
तीनदा आला होता, दोनदा खोडला.
मग : हितसंबंधांचा संघर्ष आहे का?
हो. नाही.

खाली टँकर मागं येतोय,
त्याची टीं टीं, वॉचमनचं येऊ दे, येऊ दे, बस्स.
या महिन्यातला एकसष्टावा.
पाठ आहे मला, सोसायटीची खजिनदार मीच.
झांबरेंचा चेक माझ्या सहीनं जातो.
झांबरे म्हणजे आमच्या निबंधातले पुरवठादार अ.
मागं एकदा सहज म्हणाले होते,
मॅडम, तिकडं बॅरलमागं सुटे जमवत बसायचं,
तुमच्याकडं एक चेक, एक पाइप, विषय संपला.
रविवारी आम्ही तीन मागवतो.

निखतला फोन लावला. झोपेतच म्हणाली,
अगं, तो प्रश्न पैशांचा असतो.
कुणाकडून घेतलेत का?

घेतले नाहीत. दिलेत.

बाण किती वेळ 'नाही'वर थांबला होता कुणास ठाऊक.
सत्र संपले आहे, कृपया पुन्हा लॉग इन करा.
पुन्हा बीजशब्द. पुन्हा सारांश. पुन्हा प्रतिष्ठित.
या खेपेला हो.
एक छोटी चौकट उघडली. तीत लिहिलं,
प्रथम लेखिका पुरवठादार अ यांच्याकडून पाणी घेते.
मग तक्ता तीनखालची ओळ खोडली :
स्रोत : उत्तरदाती सतराच्या दारावरची नोंद.
दोन शब्द वाढले.
निष्कर्षातले 'सर्वंकष' आणि 'दूरगामी' काढले,
कुणाचंच काही अडलं नाही.
चौथा परिच्छेद तेवढा बसवता आला नाही.

सादर केलं. हिरवी खूण आली, एक क्रमांक आला.
दार तिनं रंगवलंय म्हणे आता, पोपटी.

फोन उजळला. सोसायटीचा ग्रुप :
ताई, उद्या रविवार. झांबरेंना तीनच सांगू ना?

उत्तराची चौकट उघडी आहे.
इथं शब्दमर्यादा नसते.