दाताच्या डॉक्टरकडे

केरीच्या तिठ्यावर स्कूटर लावली तेव्हा
पोदेराची पों-पों नुकती विरली होती.
पिशवीत दोन उंडे, लिटरभर पाणी.
घरी सांगितलंय : वाळपईला जाते, दाताच्या डॉक्टरकडे.

करवंदं संपली की वाघेरीचं रानही संपतं.
पुढे नुसती धार.
डावीकडे खाली अंजुणेचं आटलेलं धरण,
उजवीकडे काहीच नाही.

धाकू झोरे म्हणाला होता,
म्हशीसुद्धा तिथनं माघारी फिरतात, बाई.
म्हशींना कुणी विचारत नसेल
एकटीच कुठे निघालीस म्हणून.

वैशाखातला दगड. हात ठेवला की उचलावासा वाटतो,
पण आधी दुसऱ्या हाताला जागा हवी.

मधला टप्पा पाटाएवढा रुंद.
तिथे मी चालले नाही, खोटं कशाला.
मांड टाकून बसले
आणि सरकत गेले वीतवीत,
लहानपणी मावशीच्या गडग्यावरून सरकायचे तशी,
दोन पाय दोन दऱ्यांत.

तिथेच बाटली सुटली.
पहिला आवाज आला, दुसरा आला,
तिसऱ्यासाठी मी कितीतरी वेळ कान देऊन होते.

भीती पोटात असते म्हणतात.
माझी तळपायाच्या कडेला होती
आणि बरोबर सांगत होती,
इथे नको. हं, इथे.

माथ्यावर शेंदूर पुसट झालेला एक धोंडा.
त्याच्याजवळ बसून कोरडा उंडा चावला.
दुसरा ठेवला. याच वाटेनं उतरायचं होतं.

डावीकडची दाढ ठणकली.
खरंच.