बिजागरी

यादी केली होती मी,
केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला:
तिपाई, रिमोट, जादा बॅटऱ्या, लेन्सभोवतीचा गरम पट्टा,
आणि तारे सरकतील तसा कॅमेरा वळवणारं ते यंत्र.
त्याच्या किमतीवर बोट ठेवलं
आणि झटकन उचललं,
इस्त्री तापली का बघतात तसं.

मग मिरजेत, सतारमेकर गल्लीत
दस्तगीरभाईंना विचारलं.
दोन फळ्या, एक बिजागरी, मधे सहा मिलिमीटरचा स्क्रू,
बिजागरीपासून नेमका दोनशे साडेअठ्ठावीसवर.
"साडे?" चष्मा कपाळावर गेला.
"डॉक्टरीणबाई, जवारी काढताना
आम्ही केसाच्या निम्म्यावर भांडतो."

मी डॉक्टर नाही. एक्स-रे काढते.
हे त्यांना कधी सांगितलंच नाही.
त्यांच्या बायकोची फिल्म मीच काढली होती.

तून लाकडाच्या फळ्या, स्क्रूच्या टोकाला
सतारीची एक तडकलेली खुंटी.
पैसे नकोत म्हणाले, आधी फोटो दाखवा.

बाकीचं घरचंच.
डार्करूम बंद झाली तेव्हा आणलेला लाल बल्ब.
पट्ट्याऐवजी पायमोज्यात भाजलेलं मीठ,
दर तासाला स्टोव्हवर परत गरम.
आणि तिपाई हलू नये म्हणून तिच्या पोटाला टांगलेला
हॉस्पिटलने मोडीत काढलेला शिशाचा ॲप्रन.

दंडोबाच्या डोंगरावर जानेवारी.
मागे मिरजेचा उजेड, सांडलेल्या चहासारखा.
ध्रुव इथून जेमतेम सतरा अंश वर,
बोरीच्या काट्यांत अडकलेला;
बिजागरी त्याच्याकडे रोखायची म्हणजे
जमिनीवर आडवं पडायचं, एक डोळा मिटून.
पहिल्या फोटोत सगळे तारे तांदळाचे दाणे.
दुसऱ्यात माझंच कोपर लागलं.

तिसऱ्याला बटण दाबलं आणि सवयीनं बोलले,
"श्वास धरा."
दस्तगीरभाईंनी खरंच धरला.
मी घड्याळ बघत खुंटी फिरवत राहिले,
मिनिटाला एक फेरा, दोन मिनिटं.
"सोडा."

स्क्रीनवर मृग. बाणाच्या खाली
गुलाबीसर, फुंकर मारल्यासारखं काहीतरी.
ते वाकून बघत राहिले, बराच वेळ.
"हा डाग कसला?"

"डॉक्टर सांगतील," तोंडात आलेलं गिळलं.
"डाग नाही तो," म्हणाले. "तिथं नवे तारे होतात."

त्यांनी मीठाचा मोजा चाचपला. गार होता.
"स्टोव्ह पेटवा तुम्ही," म्हणाले,
"खुंटी इकडे द्या.
हाताला कळतं आमच्या."