चार ओळींचा बोर्ड

नगर निगमने बोर्ड दिलाय, पाच फूट बाय तीनचा,
आणि साहेबांच्या सहीचा मजकूर:
पुरानी गिरजाघर घंटा.
वजन साढ़े तीन क्विंटल.
ऐतिहासिक धरोहर.
कृपया न बजाएँ.
अक्षरामागे साडेसहा रुपये, मात्रा फुकट.
‘न’ तेवढा लाल हवा, असं फोनवर दोनदा बजावलंय.

मी लष्करातला पेंटर.
पोटासाठी हिंदीत लिहितो,
हिशेब मराठीत ठेवतो,
ब्रश घसरला तर शिवीही मराठीतच.

घंटा मुरारला, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी,
लोखंडी कमानीत कमरेच्या उंचीवर टांगलेली.
धड आभाळात नाही, धड जमिनीवर नाही.
भोवती हिरवं रेलिंग,
रेलिंगवर कुणाचा तरी टॉवेल वाळतोय.
मनोरा पडला की पाडला
यावर चहावाल्याचं आणि पंक्चरवाल्याचं
अजून जमलेलं नाही.

काठावर इंग्रजी अक्षरं होती म्हणे,
आता बोट फिरवलं तर नुसता खरबरीतपणा.
वाकून आत डोकं घातलं.
भर मे महिन्यात आत गारवा,
रांजणाच्या तळाशी असतो तसा.
एक कोळी. वर एक रिकामी कडी.
लोळा नव्हता.

जिला जीभच नाही
तिला गप्प बस म्हणायचे
माझे सव्वाशे-दीडशे रुपये होत होते.

रस्त्यापलीकडे लूसी लाल राहतात,
सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या कंपाउंडर.
पाणी मागायला गेलो तर म्हणाल्या,
जरा सांभाळून, पायाला लागेल.
दाराला अडण म्हणून तो ठेवलेला:
हातभर दांडा, खाली नारळाएवढा गोळा,
गोळ्याची एक बाजू चपटी,
त्याच एका जागी आदळून आदळून.

“आमचे पापा वाजवायचे. सायलस लाल.
पहाटे पाच, संध्याकाळी पाच.
कुणी गेलं तर त्याच्या वयाइतके ठोके.
मनोरा उतरवला तेव्हा घंटा यादीत चढली,
याला यादीत रकानाच नव्हता.
पापांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणला.”

मग पापा गेले तेव्हा?
हे मी विचारायला नको होतं.

त्यांनी उंबऱ्याकडे बोट केलं.
दगडी उंबरा, मधोमध खड्डा,
चिमणी आंघोळ करेल एवढा.
“एक्याऐंशी,” त्या म्हणाल्या.
“उभा धरायचा आणि सोडायचा.
साठाच्या पुढे मोजणी चुकली बहुतेक.
कमी पडायला नकोत म्हणून
थोडे जास्तच मारले.”

मी पाणी प्यालो. वाळ्याचं होतं.
“आता लू सुटली की दार आपटतं,
हा असला की आपटत नाही.”

परत येऊन खडूच्या रेघांत रंग भरला.
पुरानी. गिरजाघर. वजन.
‘धरोहर’ला उन्हात पोपडे येऊ नयेत म्हणून
सावली धरून बसलो.
चौथ्या ओळीत ‘कृपया’ झालं,
‘बजाएँ’ झालं,
मधे एका अक्षराची जागा सोडली.
लाल डबा उघडला तर वर साय,
खाली दगड.

दुसरा डबा आणायला सात नंबरच्या चौकात जावं लागतं.
निघताना बोर्ड रेलिंगला टेकवला,
तोंड रस्त्याकडे करून.
रस्त्याकडे म्हणजे
लूसीबाईंच्या खिडकीकडे, हे खरं तर
मला ठाऊक होतं.

दुकानात रंग लगेच मिळाला.
मी उगाच बेलाचं सरबत घेतलं,
मग दुसरं घेतलं.
परतताना लांबच्या रस्त्याने आलो,
टेम्पोवाला घड्याळाकडे बघत
कुणाला तरी सांगत होता, पाच वाजले.

ऐकू आलं का विचाराल तर
छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.
टेम्पोचा खडखडाट होता, लू सुटली होती,
माझा एक कान असाही कामातून गेलाय.

वळणावरून पहिल्यांदा दिसलं ते एवढंच:
लूसीबाईंचं दार
उघडत होतं, आपटत होतं,
उघडत होतं,
आपटत होतं.