रडीचा डाव

क्रिस्पिन हॅलवर्थसाहेब, तुमचा लेख वाचला.
फोटोत तुम्ही हनुवटीला बोट लावून बसलायत.
लिहिलंत, "लाडावलेली पोरं.
खेळाचा शेवट आवडला नाही म्हणून पाय आपटतायत.
कला काय गिऱ्हाइकाच्या मापाने शिवायची?"
थोडक्यात, रडीचा डाव.

मी मॉर्व्हेन गेडिस, डंडी. वय एकेचाळीस.
पोर म्हणालात, बरं वाटलं.
पर्थ रोडवरच्या दुकानात मासे तळते.
रात्री साडेअकराला तिसऱ्यांदा हात धुतले
तरी कंट्रोलरला तेलाचा वास लागतोच.

बुडालेल्या मुलखातून होडी न्यायची असते.
जागा नऊ. छपरांवर माणसं एकतीस.
कुणाला घ्यायचं ते आपण ठरवायचं
आणि उरलेल्यांकडे न बघता वल्हं मारायचं.
बघितलं तरी चालतं. मी बघायची.

तीन हिवाळे. एकशे बारा तास.
सुनिव्हा नावाची बहिरी घड्याळवाली,
बोट टेकवून टिकटिक ऐकणारी,
दोनदा मागे सोडली मी.
तिसऱ्यांदा तिच्या जागेसाठी
पिठाची पोती पाण्यात ढकलली.
मग होडीत सगळे उपाशी, माझ्यावर चिडलेले,
आणि ही बया मांडीवर घड्याळ खोलून बसलेली!
एकटीच हसले त्या रात्री, मोठ्याने.

शेवटी होडी किनाऱ्याला लागते.
रिकामी.
कुणालाही घ्या, कुणालाही सोडा, रिकामीच.
एक पक्षी, थोडं व्हायोलिन, मग नावांची यादी.

सगळे मेले म्हणून नाही हो, साहेब.
मरण मला ठाऊक आहे,
वर्षभर बाबांची कूस बदललीय या हातांनी.
मेले तर मेले.
पण पिठाचं काय झालं, ते तरी विचारा कुणीतरी.
वाळूत एक किल्ली नाही, एक काटा नाही,
जणू मी त्या होडीत नव्हतेच.

आमच्यातही नग आहेत, नाही म्हणत नाही.
एकाने लेखकाच्या घराचा पत्ता शोधला,
त्याच्या बायकोला नको नको ते लिहिलं.
ते कळल्यावर मी बघितलं,
शेवट बदला म्हणून केलेली सही मागे घेता येते का.
येत नाही.
पण तुम्ही त्याला नि मला एकाच पिशवीत कोंबलंत,
आणि सुनिव्हाला तुमच्या लेखात
सिल्व्हिया म्हटलंय. दोन्ही ठिकाणी.

शुक्रवारी तो आला.
गळ्यातलं ओळखपत्र उलटं करून घातलेलं,
दारातल्या वाऱ्याने ते पलटलं:
लॅक्लन प्रिंगल.
यादी मी शेवटपर्यंत वाचते, नाव ओळखलं.
हॅडक, चिप्स, व्हिनेगर जास्त.
म्हटलं, "सुनिव्हाचं घड्याळ."
तेवढंच.
त्याने आधी दाराकडे बघितलं,
माझ्या हातातल्या झाऱ्याकडे बघितलं,
मग हळूच म्हणाला, "वाळूत होतं. चालू.
मार्चमध्ये कापलं. वेळ नव्हता."
मागून कुणीतरी "चला की" म्हणालं.
मी दोन मासे गुंडाळले, पैसे एकाचे घेतले.

तर साहेब, कला कुणाची ते तुम्ही ठरवा,
तुमच्याकडे अर्धं पान आहे.
मी घरी येऊन होडी पुन्हा किनाऱ्याला लावली.
पक्षी गेला, व्हायोलिन गेलं.
आवाज पूर्ण वाढवून
पडद्यावरच्या वाळूला बोट टेकवलं.

काहीतरी थरथरत होतं खरं.
शेजारचे ओगिल्वी
भिंत ठोकत होते.