तेवीस मिनिटं

बिश्केकमध्ये चौथ्या मजल्यावर
माझ्या पडद्यावर एकशे बारा नावं.
हिरवी, पिवळी, लाल.
लाल म्हणजे एकवीस दिवस इकडे फिरकलेली नाहीत.
वरचे साहेब त्याला गळती म्हणतात,
वॉशर बदलला की थांबेल अशा सुरात.

लाल नावांना एक पत्र आपोआप जातं:
आम्हाला तुमची आठवण येते.
खाली एक हसरा फुगा.
कुणालाच कुणाची आठवण येत नसते त्यात.
मीच लिहिलंय ते, जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने.

बुरुल सहाव्या धड्यावर थांबलेली.
मेंढीच्या खुरांचे रोग.
फोन लावला, लागला नाही.
गुरुवारीही नाही.
रविवारी तिनेच केला,
आणि आधी बराच वेळ नुसता वाराच बोलला.

विचारायचं होतं, का सोडलंस?
छापील पर्याय समोर होते:
वेळ नाही, रस नाही, अवघड वाटतं, इतर.
तोंडून निघालं, मेंढ्या कशा आहेत?

मग काय.
एक लंगडतेय, एक लांडग्याने नेली,
सासऱ्याचा गुडघा,
आणि घोडीवरून तासभर चढून
त्या एका दगडापाशी यायचं,
जिथं रेंजच्या दोन काड्या उभ्या राहतात.
"चार वेळा दिली चाचणी, एजे."
एजे म्हणजे ताई.
"वीस मिनिटांत दार बंद होतं तुमचं.
चित्रं उघडायलाच तेरा जातात.
उत्तरं येतात मला. विचारा ना."

विचारलं.
खुराची फट, तिचा वास,
मोरचुदाचं पाणी, किती दिवस कोरड्यात ठेवायचं,
सांगत गेली. मध्येच ओरडली कुणावर तरी,
कुत्र्यावर असावं,
आणि सुटलं होतं तिथूनच पुढे.
एक उत्तर माझ्या उत्तरपत्रिकेपेक्षा बरं होतं.
घड्याळ पाहिलं. तेवीस मिनिटं.

संध्याकाळी ती चौकट उघडली.
वेळेच्या रकान्यात वीस.
कुणी घातलं? मीच.
खोडलं.
रकाना रिकामा ठेवला तरी चालतो,
हे पाच वर्षांत कधी करून पाहिलं नव्हतं.

फुगा काढून टाकला.
त्या जागी काय लिहावं, सुचेना.
ओशच्या शिंप्याला, कांतच्या सुईणीला
मेंढ्यांचं कसं विचारणार?
शेवटी नुसता माझा नंबर लिहिला.

परवा तालान्त नावाचा एक जण म्हणाला,
कंटाळा आला, बस्स, सोडलं.
तेही खरंच.
त्याच्याशी वाद घातला नाही;
जर्दाळूचा मुरंबा यंदा पातळ का झाला
यावर बोललो थोडं.
त्याचं नाव लालच राहिलं.

सप्टेंबरात कळप खाली उतरले,
बुरुल आठव्या धड्यावर आहे.
अजून सदतीस नावं.
आत्ता तिसऱ्याला लावलाय.
वाजतोय.