आखूड पाय

निहारने लॅपटॉप माझ्याकडे वळवला:
काळ्यावर सोनेरी, लेन्सच्या पाकळ्या अर्ध्या मिटलेल्या,
मधोमध आमच्या आडनावाचा स.
"ताई, लोकांनी दुरून ओळखलं पाहिजे."
दुरून कोण येतंय इथे?
विक्रोळी, कन्नमवार नगर, पिठाच्या गिरणीला लागून गाळा.
आमचा मागचा पडदा काळा लावला तरी
संध्याकाळपर्यंत पांढरा होतो.

तरी पैसे भरले. बावीस हजार, दोन हप्त्यांत.
पाटी बदलली. भिंत राखाडी केली.
आप्पांची पिवळी पाकिटं,
'निगेटिव्ह जपून ठेवली आहे' असा शिक्का असलेली,
रद्दीत सव्वा किलो भरली.
आणि सुतार आलाच होता म्हणून
डुगडुगणाऱ्या स्टुलालाही एक पाय नवा बसवून घेतला.

पहिल्या आठवड्यात इंगवले सिस्टर आल्या. पासपोर्टचे आठ.
उजेडात धरून बघितले.
"छान आहेत गं," म्हणाल्या,
नव्या सुनेच्या आमटीला म्हणतात तसं.
मग बेस्टमधले धोत्रे. मग दहावीच्या फॉर्मवाली पोरं, त्यांच्या आया.
भांडलं कोणीच नाही.
नुसते बघत राहायचे,
हिशेबात दोन रुपये कमी लागावेत
आणि कुठले ते कळू नये, तसे.

एका रात्री शटर अर्धं ओढून
आप्पांचे बिस्किटांचे डबे काढले, झाकणावर सालं लिहिलेली.
लाइट बॉक्सवर एकेक पट्टी ठेवत गेले.
सगळ्यांचे केस पांढरे, दात काळे,
फिटर, बालवाडीच्या बाई, कोणाचा तरी दुबईला निघालेला भाऊ,
आणि सगळ्यांचा, अगदी सगळ्यांचा,
उजवा खांदा नखभर वर.
मान सरळ. पण खांदा असा,
की माणूस अजून नीट बसलेला नाही,
काहीतरी विचारायचंय त्याला.
सत्त्याऐंशी. त्र्याण्णव. दोन हजार चार.
चौथीच्या स्कॉलरशिपची मी,
एक वेणी दुसरीपेक्षा उंच.

मला वाटायचं, आप्पा बसवत असतील तसं.
आप्पा तर काहीच सांगत नसत.
"हां," म्हणायचे, आणि तोवर फोटो निघालेला असायचा.

कणकवलीला फोन लावला. दोनदा ओरडून विचारावं लागलं.
"स्टूल? अगो, वाळवी लागली होती एका पायाला.
तेवढा कापला.
बाकीचे तीन कापायचे राहिले."
किती वर्षं राहिले?
"धंदा होता गं तेव्हा," म्हणाले,
आणि शेजाऱ्याच्या फणसाच्या भांडणावर गेले.

विश्वकर्माला परत बोलावलं.
नवा पाय, अर्धं बोट कमी करायचा.
त्याने मापपट्टी खिशात ठेवली, माझ्याकडे बघितलं.
"मॅडम, डुगडुग काढायचे पैसे सगळे देतात.
घालायचे कोणी दिले नाहीत आजपर्यंत."
घेतले मात्र दुप्पट.
करवतीचा भुसा खाली पडला,
गिरणीच्या पिठात मिसळून गेला.

निहारला कळवलं: ओळख सापडली, लोगो राहू दे.
त्याचं लगेच उत्तर: ग्रेट! फाइल पाठवा.

काय पाठवू?
लाकडाची ती चकती
सुट्ट्या पैशांच्या वाटीत पडून आहे.
काल धोत्रे नाणं समजून
उचलत होते.